जादूचा टिल्लू पंप

परवा ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये नव्यानं जॉइन झालेल्या एका कलिगनं मला गाठलं.

‘तू कादंबरी लिहितोस म्हणे?’

‘हो. म्हणजे प्रयत्न चालू आहे.’

‘कशावर?’

‘फॅण्टसी आहे.’

त्यानं चहाचा कप खाली ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज बारीक करून विचारलं, ‘म्हणजे... तसली?’

तसली नाही रे बाबा! राजे, जादूगार, शाप, तलवारी वगैरे. हे ऐकून बिचाऱ्याचा चेहराच पडला. मग त्यानं तोच प्रश्न टाकला, जो गेली कित्येक वर्षं मला दर लग्नात आणि दर गेट-टुगेदरला विचारला जातो. ‘पण मराठीत असलं कोण वाचतं?’

आता काय सांगणार? मराठी कादंबरी रांगायला लागली तीच मुळी असल्या गोष्टींचं बोट धरून. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’. सगळा अद्भुताचा आणि योगायोगांचा कारभार. १९१३ मध्ये नाथमाधवांचं ‘वीरधवल’ आलं आणि आमच्या आजोबांच्या पिढीनं ते उशाशी घेऊन वाचलं. आपण मराठी माणसं मध्येच कधीतरी एकदम सीरियस झालो, एवढंच.

दुसरा ठरलेला प्रश्न, ‘तुला वेळ कधी मिळतो?’ तर मिळत नाही! मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि रात्री अकरा ते एक स्वतःच्या करायच्या. यात काही हिरोगिरी नाही. टॉल्किन ऑक्सफर्डचा प्रोफेसर, पण जास्तीचे चार पैसे मिळावेत म्हणून परीक्षेचे पेपर तपासायचा. एका पोरानं एक पान कोरं सोडलं होतं, त्यावर त्यानं ‘द हॉबिट’चं पहिलं वाक्य खरडलं. पुस्तक आलं १९३७ मध्ये. ब्रॅण्डन सॅण्डरसन शिकत असताना हॉटेलच्या डेस्कवर नाइट शिफ्ट करायचा, कारण रात्री फारसं कोणी येत नाही आणि लिहिता येतं. २००५ मध्ये पहिली कादंबरी छापून आली, तोवर भाऊ डझनभर लिहून बसला होता.

पण माझं लाडकं उदाहरण देवकीनंदन खत्रींचं. बनारसजवळच्या चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका त्यांच्याकडे होता. लाकूडफाट्याच्या धंद्यापायी रानात हिंडायचं, पडक्या वाड्या-किल्ल्यांमधून जायचं. त्या हिंडण्यातून निघाली ‘चंद्रकांता’. हे उदाहरण मी वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडावर फेकत आलो. त्याचा अर्थ मात्र माझ्या डोक्यात शिरायला माझ्या आईचा हात मोडावा लागला.

सांगतो.

मी यवतमाळचा. म्हणजे कापूस, सागवान आणि ऊन. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आणि माझ्या कादंबरीच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये काय होतं? बर्फ! चारी बाजूंना हिमशिखरं, मध्ये शुभ्रगड नावाचं राज्य, धर्मशाळेत पेटलेली शेकोटी, तिच्यावर रटरटणारं सूप. मी आयुष्यात बर्फ बघितलाय तो एक तर फ्रीजमधला, नाही तर मनालीच्या तीन दिवसांच्या पॅकेज टूरमधला. पण इंग्रजी पुस्तकं वाचून वाचून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की जादू थंड हवेतच होते.

हिरो चंद्रकेतू. एकोणिसाव्या प्रकरणात तो दुष्काळानं तडफडणाऱ्या नगरात येतो, कड्यावर उभा राहतो, दंड उगारतो आणि काळेभोर ढग धावत येतात. मग पाऊस, मग नाच, मग राजकन्या. हा सीन लिहायचा म्हणून मी मे २०१८ मध्ये चांगली आठ दिवसांची रजा टाकली आणि घरी गेलो. ‘रायटर्स रिट्रीट’, असं मित्रांना सांगून!

घराचं दार उघडलं तर हॉलमध्ये निळे ड्रम. सोफा सरकवून भिंतीला लावलेला. दिवाणाखाली गुंड, स्वयंपाकघरात बकेटी, देवघराच्या बाजूला कॅन. २०१७ चा पाऊस दगा देऊन गेला होता. शहराला पाणी पाजणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं तळाला गेली होती. बेंबळा धरणावरून पाइपलाइन आणायचं काम चालू होतं, पण ते चालू होतं. नळ पंधरा-वीस दिवसांनी यायचा आणि कधी येईल हे कोणालाच ठाऊक नसायचं. गल्लीत ‘नळ आले!’ अशी आरोळी उठली की जो जिथे असेल तिथून धावत सुटायचा.

पुण्यात राहून मला पाणी म्हणजे नळ एवढंच माहीत. इथे आईच्या डोक्यात एक अख्खी एक्सेल शीट चालू होती. आंघोळ घमेल्यात उभं राहून करायची, ते पाणी संडासाला. तांदूळ धुतलेलं तुळशीला. कूलर चालवायचा तर त्यालाही पाणी लागतं, आणि कूलरशिवाय झोप येत नाही. म्हणजे आज कूलर की आज कपडे, असा रोजचा सवाल. आई हे सगळं मुकाट्यानं करत होती. मी वरच्या खोलीत बसून ‘क्रिएटिव्ह प्रोसेस’ करत होतो.

चौथ्या रात्री अडीचला नळ आले. बाबा खाली ड्रमला पाइप लावून उभे. वरच्या टाकीपर्यंत पाणी चढवायला प्रेशर नव्हतं, म्हणजे हातानं न्यायचं. आईनं मला जिन्यातून तीन हाका मारल्या. मी जागाच होतो. कानात हेडफोन, त्यात कुठल्याशा सिनेमाचं युद्धाचं म्युझिक फुल व्हॉल्यूमवर, आणि स्क्रीनवर माझे ढग नगराकडे निघालेले. मला काहीही ऐकू आलं नाही. पोरगं झोपलं असेल, प्रवासानं दमलं असेल, म्हणून तिनं स्वतःच गुंड उचलला. जिन्याच्या चार पायऱ्या ओल्या होत्या...

तो पडल्याचा आवाज मात्र हेडफोनमधूनसुद्धा आला.

उजवं मनगट. सहा आठवड्यांचं प्लास्टर. आजवर हे मी लोकांना ‘आई पाय घसरून पडली’ एवढंच सांगत आलोय. आईनंही त्या रात्रीबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी रजा वाढवली. पाणी भरलं, भांडी घासली (कमी पाण्यात भांडी घासणं ही खरी सिद्धी आहे!), कणीक मळायला शिकलो. आई रिटायर्ड प्राथमिक शिक्षिका. रिकामं बसणं तिला प्लास्टरपेक्षा जास्त दुखत होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘ते तुझं काय लिहून राहिला तू, ते दे बरं इकडे.’ कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली. चारशे बारा पानं. आई डाव्या हातानं पानं उलटायची. लाल पेन धरता येत नव्हतं म्हणून बाबांना समोर बसवलं. बाबांनी उभा जन्म एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात घालवलेला. त्यामुळे माझ्या महाकादंबरीच्या समासात दिवाणजीच्या सुबक अक्षरात शेरे उमटू लागले.

चार दिवसांनी बाड परत मिळालं. पहिला शेरा पान ३७ वर. चंद्रकेतूची सेना शुभ्रगडाहून कूच करते तिथे. ‘१२०० घोडे. पाणी?’ आणि त्याखाली बाबांचं गणित: एका घोड्यास रोज ३० लिटर धरल्यास ३६,००० लिटर. ५,००० लिटरचे टँकर ७. तरी १,००० लिटर कमी.

मी खो खो हसलो. पान ८८: ‘सूप कशाचं? बर्फ आहे तर भाजी कुठून आली?’ पान १४०: ‘राणीच्या महालात हौद. भरतं कोण?’ इथे हसू जरा कमी झालं. आणि मग पान ३०१, माझा लाडका सीन, ज्याच्यासाठी मी रजा टाकली होती. तिथे फक्त तीन शब्द होते.

‘हे ढग कोणाचे?’

मी बाड घेऊन आईसमोर गेलो. ‘कोणाचे म्हणजे काय? जादूनं आणलेत त्यानं.’

‘ते समजलं रे मला. पण आणले म्हणजे कुठून तरी आणलेच असतील ना? तिथे पडणार होता तो पाऊस. तिथल्या लोकांनी काय करायचं मग?’

‘आई, ती जादू आहे!’

‘जादू कसली,’ आई म्हणाली, ‘टिल्लू पंप आहे तो.’

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगायला हवं. टिल्लू पंप म्हणजे छोटीशी मोटर. ती सरळ नळाच्या लाइनलाच जोडायची. बटण दाबलं की लाइनमधलं पाणी ओढून घेते. ज्याच्या घरी टिल्लू, त्याच्या घरी धो धो. पुढच्या चार घरी नळातून नुसती हवा, सूं सूं करत. आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात यावरून भांडणं झाली होती. तीस वर्षं एकमेकांकडे दिवाळीचा फराळ पाठवणारी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. आणि आईच्या दृष्टीनं माझा चंद्रकेतू म्हणजे दंडाच्या जागी टिल्लू घेऊन फिरणारा माणूस. वर नगरातली माणसं त्याच्यावर फुलं उधळतात!

खरी शरमेची गोष्ट पुढे आहे. हे मी वाचलेलं होतं. अर्सुला ल गुईन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही १९६८ ची कादंबरी माझी कॉलेजातली जान. त्यात जादू शिकणाऱ्या पोराला हेच शिकवतात की एका बेटावर पाऊस पाडलास तर दुसऱ्या कुठल्या तरी बेटावर दुष्काळ पडू शकतो, तेव्हा जपून. सॅण्डरसन जादूचे नियम सांगतो त्यातही हे येतं की जादूगाराला काय काय जमतं यापेक्षा काय जमत नाही आणि त्याची काय किंमत पडते, यातच गोष्ट असते. मी ते मोठ्या स्टाइलमध्ये मित्रांना ऐकवायचो. ल गुईनच्या पुस्तकात तर त्या जागी पेन्सिलनं रेघ मारलेली होती. आईनं यातलं एक अक्षर वाचलेलं नव्हतं. तिनं फक्त तो उन्हाळा काढला होता.

यानंतर मी झपाटल्यासारखा लिहायला बसलो, असं सांगायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी रुसलो. पुण्याला आलो आणि कित्येक महिने ती फाइल उघडलीच नाही. रात्री अकरा ते एक सरळ झोपायचो. तब्येत सुधारली, ही एक जमेची बाजू.

मधे एक गोष्ट घडली. आईचं प्लास्टर निघालं तेव्हा तिनं बोललेला नवस फेडायला आम्ही कळंबला गेलो होतो. यवतमाळहून तासाभराच्या आत. कळंबचा चिंतामणी विदर्भात सगळ्यांना माहीत आहे. इथे देवळात वर चढायचं नसतं, खाली उतरायचं असतं. गणपती जमिनीच्या पातळीच्या खाली, आणि समोर कुंड. गौतम ऋषींच्या शापातून सुटायला इंद्रानं इथे तप केलं, अशी कथा. आणि श्रद्धा अशी की दर बारा वर्षांनी कुंडातलं पाणी आपोआप चढतं, गणपतीच्या पायांना लागतं आणि उतरतं.

लहानपणी मी तिथे दहा वेळा तरी गेलो असेन. आमचं सगळं लक्ष बाहेरच्या पेढ्यांवर. या वेळी पायऱ्यांवर बसलो आणि रिकाम्या डोक्यात पहिल्यांदा प्रश्न आले. समजा एखादं नगरच असं असेल, जमिनीत खाली खाली उतरत गेलेलं. तिथे पाणी बारा वर्षांतून एकदाच चढतं. मग बारा वर्षं मोजतं कोण? त्या माणसाच्या हातात केवढी सत्ता! तो लाच घेतो का? पाण्याजवळची पायरी कोणाला मिळते आणि सगळ्यात वरची, उन्हातली, कोणाला? आणि पाणी अकराव्या वर्षीच आलं तर? ज्यानं ‘अजून एक वर्ष आहे’ असं छातीठोक सांगितलं, त्याचं काय होणार? आई हात जोडून उभी होती आणि मी मोबाइलवर नोट्स टाइप करत होतो. देवळात! तिनं बघितलं, पण त्या दिवशी काही बोलली नाही.

त्या नोट्स वर्षभर तशाच पडून होत्या. मग एका रात्री उघडल्या आणि पहिल्यांदा लिहिताना मला इंग्रजी पुस्तक आठवलं नाही.

चारशे बारापैकी साठेक पानं वाचली. शुभ्रगड वितळला. बर्फ गेला, सूप गेलं, त्याच्या जागी ज्वारीची भाकरी आणि ठेचा आला. चंद्रकेतूला नारळ दिला. आता माझी नायिका पाण्याच्या पाळीची वही सांभाळणारी एक बाई आहे. तिच्या राज्यात जादू आहे, पण पाणी बोलावलं की ते कुठल्या तरी विहिरीतून येतं, आणि बोलावणाऱ्याच्या कानात त्या विहिरीचं नाव घुमत राहतं. मरेपर्यंत. तुम्ही किती नावं सहन करू शकता, तेवढीच तुमची ताकद.

एका प्रकरणात आमची शकुंतलाही आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिनं १९९४ पर्यंत वापरलं. देश स्वतंत्र झाला तरी रुळांची मालकी इंग्रजांच्या काळातल्या एका खासगी कंपनीकडेच राहिली. आता गाडी बंद आहे. हे मी नाव बदलून कादंबरीत घातलं तर एका मित्राचा शेरा आला, ‘हे जरा अति होतंय, कोणाला पटणार नाही.’ कानात विहिरी बोलतात ते त्याला पटलं होतं!

एका प्रकाशकांनाही दाखवली. त्यांनी मनापासून वाचली आणि विचारलं, ‘छान आहे, पण यात एखादा ड्रॅगन टाकता येईल का?’ मी विचार करून सांगतो म्हणालो. आता ड्रॅगन टाकायचा तर आधी तो रोज किती पाणी पितो, हे बाबांना विचारावं लागेल.

बाय द वे, या सगळ्याचा एक साइड इफेक्ट झालाय. पुण्यात आमच्या सोसायटीत सकाळी सातला टँकर येतो. वर्षानुवर्षं मी त्याच्या बाजूनं बाइक काढून ऑफिसला गेलो. परवा थांबून ड्रायव्हरला विचारलं, ‘दादा, पाणी कुठून आणता?’

‘विहिरीतून.’

‘कोणाच्या?’

त्यानं माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्याचा पगार विचारला. मग हसला, पाइप गुंडाळला आणि गाडी स्टार्ट केली.

सध्या तिसरा ड्राफ्ट चालू आहे. प्रत्येक प्रकरण कुरिअरनं यवतमाळला जातं, कारण आईला स्क्रीनवर वाचायला आवडत नाही. प्लास्टर निघून वर्षं लोटली, हात बरा आहे, थंडीत तेवढा ठणकतो. तरी शेरे लिहायचं काम अजून बाबांकडेच आहे. ती सांगते, ते लिहितात. दोघांनाही ते आवडतं, असा माझा संशय आहे.

गेल्या रविवारी फोन आला. सातवं प्रकरण मिळालं होतं. वहीवाली बाई रात्री पाण्याच्या हाकेला उठते, तो भाग.

‘बाई अडीचला उठते, ते बरोबर लिहिलं तू,’ आई म्हणाली. ‘पण तिचं पोरगं कुठे असते तेव्हा? घरातच आहे म्हणतोस ना? मग ते काहून उठत नाही?’

मी गप्प.

‘झोपलं आहे का ते?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘जागं आहे. त्याला ऐकू गेलं नाही.’

पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग आई फोन जरा बाजूला धरून म्हणाली, ‘अहो, लिहा. पान ९३. पोरगं जागं आहे.’